काचेसमोरचं प्रवचन

आमच्या सरांसमोर 'उजेड पडला' असं म्हणायची सोय नव्हती. "पडते कसा? पाऊस पडते. उजेड येते," असं म्हणून ते समोरच्याला थांबवत. मग तो कुठून आला, किती आला, येताना काय घेऊन आला, हे ऐकून घेतल्याशिवाय सुटका नसे. दुकानात आलेली एखादी बाई लुगड्याचा रंग बघायला दारापाशी उन्हात गेली की पायरीवर बसलेले सर कौतुकाने म्हणत, "बरोबर. दिव्याले इचारू नका, सूर्याले इचारा." बाई बिचकून आत येई आणि आमचे हे कपाळाला हात लावत.

वऱ्हाडातल्या मालेगावात आमचं कापडाचं दुकान होतं. खाली दुकान, वर आम्ही, आणि गच्चीवरच्या खोलीत सर, भाडेकरू म्हणून. शाळेत विज्ञान शिकवायचे. त्याआधी मुंबईत कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि तिथे लेसरवर काम करत होते, असं लोक सांगत. लेसर म्हणजे काय हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिथून ते काहीतरी करून हाकलले गेले असणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "तिथं लय अंधार होता, वहिनी." असे प्रयोग खरोखरच अंधाऱ्या खोलीत करतात हे मला पुढे कळलं. पण ते एवढ्यासाठीच परत आले असतील असं मला वाटत नाही.

मला त्यांची लाज वाटायची. आमचं घर गावात मानाचं. आमच्या घरातून दीक्षा झालेली, म्हणजे माझी नणंद संसार सोडून जैन साध्वी झालेली. अशा घराच्या गच्चीवर एक माणूस डोळ्यांना काळी काच लावून दुपारभर उभा राहतो, हे लोक मला भाजी घेतानासुद्धा ऐकवत.

पोहरादेवीच्या जत्रेत आमचे हे कापडाची पालं लावत. एका वर्षी सर हौसेने त्यांच्याबरोबर गेले. तिथे एका बंजारा बाईच्या ओढणीवरच्या आरशांचे कवडसे समोरच्या पालावर नाचत होते. सर त्या कवडशांत असे गुंतले की बाईच्या पुढ्यात जाऊन म्हणाले, "बाई, हलू नका. जराशा तशाच ऱ्हा." एवढं पुरे होतं. तिच्याकडची माणसं काठ्या घेऊन आली. ह्यांनी हात जोडले, "मास्तर हायेत, जाऊ द्या," म्हणाले आणि आपल्या डोक्याच्या बाजूला बोट फिरवून दाखवलं. माणसं हसत परत गेली. घरी आल्यावर सर मला म्हणाले, "त्या बाईले राग येनं बरोबरच हाय. मी आरशाकडे पाहून राह्यलो हे तिले कसं कळावं? पण यायनं डोक्याले बोट काहून लावलं?" आपल्याला काय म्हणतात ते त्यांना कळत नाही, अशी आमची सोयीची समजूत होती, ती त्या दिवशी गेली.

त्यांचं एक आवडतं प्रात्यक्षिक होतं. पत्र्याचं ताट पालथं घालायचे आणि वरून ज्वारी सोडायचे. आधी एकेक दाणा, टक, टक. मग मूठभर, मग सूपभर, की नुसती सरसर ऐकू येई. "उजेड असाच हाय," ते सांगत. "दाण्यादाण्यानं येते. आपल्याले सरसर दिसते म्हणून वाटते सलग हाय. आणि दाणा डोळ्यात आला का संपला. एकच दाणा दोघांले पाहता येत नाई." शाळेतली पोरं खाली सांडलेली ज्वारी चिमण्यांना टाकत आणि सर त्यावरही रागावत नसत.

पण हेच सर दुसऱ्या दिवशी पाण्यात खडा टाकून उजेड लाटेसारखा असतो असं दाखवत. मी म्हटलं, "सर, एक काहीतरी ठरवा." तेव्हा खाटेवरून माझ्या सासूबाई बोलल्या. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं जड झालं होतं, पण आम्हाला कळे. त्या म्हणाल्या, "त्यात काय ठरवाचं? जसं पाहाल तसं. माही पोरगी मले लेक हाय, अन् गावाले महासती हाय." सर उठून उभे राहिले. एवढं चांगलं मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, असं म्हणून त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला. तेव्हापासून ते त्यांना माय म्हणू लागले आणि शाळेतून आले की आधी त्यांच्या खोलीत डोकावू लागले.

ती माझी नणंद, तिच्याविषयी सांगायला हवं. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरात होती. दिवसभर बडबड करायची. आईच्या मागे स्वयंपाकघरात, आईच्या मागे गच्चीवर, तोंड बंद म्हणून नाही. मग एका चातुर्मासात तिने दीक्षेचं मनावर घेतलं आणि वर्षाच्या आत वाजतगाजत मिरवणूक निघाली. केस उतरले, नाव बदललं, तोंडाला पांढरी पट्टी आली. सासूबाई मिरवणुकीत रडल्या. लोक म्हणाले, आनंदाचे अश्रू. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

मग बऱ्याच वर्षांनी तिच्या संघाचा चातुर्मास नेमका मालेगावात ठरला. आमच्या पंथात साध्वी पावसाळ्याचे चार महिने एका गावी स्थानकात, म्हणजे समाजाने बांधलेल्या धर्मस्थानात, राहतात, तिथेच रोज सकाळी त्यांचं प्रवचन असतं. स्थानक आमच्या घरासमोर, चौकापलीकडे. सासूबाई उठू शकत नव्हत्या. थोरल्या महासतीजी, म्हणजे संघातल्या मुख्य साध्वी, माझ्या नणंदेला घेऊन एकदा घरी आल्या, उभ्या उभ्या मांगलिक, म्हणजे आशीर्वादाचा पाठ, ऐकवलं आणि गेल्या. नणंद दारापाशी खाली बघून उभी होती. साध्वीने मागच्या घराचा मोह धरायचा नसतो, हे सासूबाईंनाही ठाऊक होतं. तरी त्या दिवसभर म्हणत राहिल्या, "तिचा आवाजही नाई आयकू आला." प्रवचनाची पाळी बहुतेक नणंदेचीच असे आणि आमच्या गॅलरीपर्यंत नुसती गुणगुण पोचे.

माईक लावला असता तर प्रश्नच नव्हता. पण आमच्या साध्वी माईकवर बोलत नाहीत. वीज म्हणजे अग्नी आणि अग्नीत जीव, त्यांची हिंसा नको. सरांनी हे माझ्याकडून दोनदा नीट समजून घेतलं आणि म्हणाले, "विजेचीच अडचण हाय ना? उन्हाची त नाई ना?"

त्यांचा हिशेब सोपा होता. माणूस बोलला की हवा हलते. हवेने पातळ आरसा हलवला, आरशाने ऊन हलवलं, की त्या उन्हात बोलणं आलं. समोर ते ऊन पकडून त्याचा पुन्हा आवाज करायचा. करायचं ते आमच्या घरात, आमच्या रेडिओवर. स्थानकात फक्त काच आणि ऊन. आता आमच्या रस्त्याच्या कडेला काचेच्या तारा पुरल्या आहेत, त्यातून उजेडावर बसून टेलिफोन जातो म्हणे. तेव्हा सर हे बोलत तर लोक एकमेकांना डोळा मारत.

थोरल्या महासतीजींसमोर सर मांडी घालून बसले. मी बायकांच्या बाजूला होते आणि जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं. "महासतीजी, ऊन तुमच्या खिडकीत येतेच," सर म्हणाले. "मी काच ठेवली तरी येईन, नाई ठेवली तरी येईन. यात कोनाले इजा नाई." महासतीजींनी खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठेवा असं आम्ही सांगणार नाही. काढा असंही सांगणार नाही." साध्वींच्या तोंडून गृहस्थाच्या कामाला यापेक्षा जास्त संमती मिळत नाही. सर उड्या मारतच बाहेर आले.

पहिली काच त्यांनी चांदीचा वर्ख चिकटवून केली आणि मोठ्या अभिमानाने स्थानकात नेली. वर्ख जनावराच्या कातड्यात कुटतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी ह्यांना दुकानात येऊन सुनावलं की तुमच्या पागल भाडेकरूने धर्मस्थानात चामडं आणलं. ह्यांनी माफी मागितली, सरांनी मागितली, मी मागितली. मग सरांनी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची पातळ काच घेऊन तिला औषधाने चांदीचं पाणी चढवलं. आमच्या माळ्यावर मोडका ग्रामोफोन होता, त्याचा भोंगा काढून पुढे लावला. इकडे सासूबाईंच्या गॅलरीत भिंग, आणि भिंगामागे रेडिओच्या पोटात असतो तसला शेंगदाण्याएवढा काचेचा ट्रान्झिस्टर, त्याची तार आमच्या रेडिओला. त्याच्या काचेवरचा काळा रंग ब्लेडने खरवडला की त्याला उजेड कळतो, हे सर मला इतक्या प्रेमाने सांगत होते की मी हसायचंही विसरले.

चातुर्मास म्हणजे पावसाळा. साध्वी असतात तेव्हा ऊन नसतं, ऊन असतं तेव्हा साध्वी नसतात. सर रोज काच लावून बसत आणि रोज ढग येत. पोरं विचारत, "सर, आज उजेड बोलला का?" श्रावणात एका सकाळी उघडीप झाली. रेडिओ आधी ताटावरच्या ज्वारीसारखा सरसरत राहिला, आणि मग त्या सरसरीतून माझ्या नणंदेचा आवाज आला. बारीक, जुन्या रेकॉर्डसारखा, पण तिचाच. सासूबाईंनी डावा हात तोंडावर ठेवला. ती काय सांगत होती ते मला आठवत नाही. हिंदीतून नेहमीचंच, क्रोध-मान-माया-लोभ. सासूबाई मात्र पोरीचं पाठांतर ऐकल्यासारख्या मान हलवत होत्या.

त्यानंतर ऊन असेल त्या दिवशी प्रवचन घरात येऊ लागलं. गावानेही शब्द बदलले. पागल जाऊन 'मास्तरांचं डोकं' आलं. मलाही त्यांच्याबरोबर चौकातून चालताना बरं वाटू लागलं. सरांना मात्र घरात येणारा आवाज अजून एकदाही ऐकता आला नव्हता. सूर्य सरकतो तशी काच वळवावी लागे, म्हणून ते रोज स्थानकात काचेपाशीच बसून राहत.

एके दिवशी आभाळ अगदी निरभ्र होतं. त्यांनी काच थोडी पुढचा अंदाज घेऊन लावली आणि प्रवचन संपता संपता चौक ओलांडून धावत वर आले. सासूबाईंच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. मांगलिक चाललं होतं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि त्यांचे डोळे वाहू लागले. मांगलिक संपलं. सतरंज्या आवरल्याचे, बायका निघाल्याचे आवाज आले, तेही थांबले. सर रेडिओ बंद करायला उठले. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या." सुनं स्थानक आणि ती सरसर, तेवढंच त्यांना ऐकायचं असेल.

मग रेडिओतून अगदी जवळून आवाज आला. "माय."

सासूबाईंनी मान रेडिओकडे वळवली.

"माय, मी हाओ. आयकून राह्यली ना तू?" हे हिंदी नव्हतं, प्रवचन नव्हतं. स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे फिरणारी ती पोरगी होती. "मले नाई जमून राह्यलं, माय. लय वर्सं झाले, जमतच नाई. मले घरी यावं वाटते."

"ये," सासूबाई म्हणाल्या. जीभ जड, पण शब्द स्वच्छ. रेडिओकडे हात करून म्हणाल्या, "ये ना वं, बाई."

"तू काय म्हणून राह्यली ते मले आयकू येत नाई," रेडिओ म्हणाला. मग आवाज बारीक होत गेला. भिंगावरचा उन्हाचा ठिपका काठाकडे सरकला होता. सरांचा हात भिंगावरच होता. बोटभर सरकवलं असतं तर आवाज परत आला असता. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी हात हलवला नाही. ठिपका भिंतीवर गेला आणि नुसती सरसर उरली.

त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं? की हे खाली दुकानात कुणी ऐकलं नाही ना. दीक्षा सोडून आलेली पोरगी म्हणजे घराच्या तोंडाला काळं, हेच मला आधी सुचलं. तिचं काय होत असेल ते नंतर.

सर जिन्यात मला एवढंच म्हणाले, "वहिनी, मी थोरल्या महासतीजींले म्हणलं होतं, यात कोनाले इजा नाई." मग म्हणाले, "अन् तिले वाटलं, मायच आयकून राह्यली." परक्या पुरुषाने ते ऐकलं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नणंद प्रवचनाला बसली नाही. तिने तेला केला, म्हणजे तीन दिवस अन्न नाही. तिने आपणहून थोरल्या महासतीजींपुढे सांगितलं असणार आणि प्रायश्चित्त घेतलं असणार. गावाला ही तपश्चर्या वाटली. बायका घोळक्याने सासूबाईंचं अभिनंदन करायला आल्या. "धन्य तुमची कूस," म्हणत त्या खाटेच्या पाया पडत होत्या, आणि सासूबाई छताकडे बघत होत्या. मी सगळ्यांना सरबत दिलं. त्या जाईपर्यंत मला कुणाच्याही डोळ्याला डोळा देववला नाही. सर नेमके तेव्हाच वर आले, तर एक आजी त्यांना म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या काचेपाशी बसून बसून तिले तप सुचलं. तुमालेही पुण्य लागते यातलं." सरांचा चेहरा इतका पडला की त्या आजी घाबरल्या, बरं नाही का म्हणून विचारू लागल्या.

त्यांनी काच काढून आणली. लोकांना सांगितलं, आता ऊन पुरत नाही. ऊन तर लख्ख होतं. भोंगा माळ्यावर गेला, रेडिओवर पुन्हा गाणी लागू लागली. पोरांनी विचारलं की सर विषय बदलत. पायरीवर बसायचेही बंद झाले.

संवत्सरीला आमच्यात लहान-मोठं न बघता सगळ्यांची क्षमा मागायची असते. सर आमच्या धर्माचे नव्हते. तरी त्या दिवशी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून सासूबाईंच्या खाटेपाशी आले आणि हात जोडून, एकेक अक्षर सांभाळत म्हणाले, "माय, मिच्छामि दुक्कडम्." सासूबाईंनी डावा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "सर, एक इचारू का?"

"इचारा ना."

"ती काच माह्या तोंडापुढं ठेवली, त मी बोललेलं तिकडं जाईन का?"

आमच्या गॅलरीत दुपारी ऊन यायचं. त्या वेळी ते खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. काच वर सरांच्या खोलीत होती. स्थानकात रेडिओ चालला नसता, पण काजळी धरलेल्या बाटलीत असं ऊन सोडून तिला कान लावला तर विजेवाचूनही बारीक आवाज येतो, हे सरांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. सासूबाई काय बोलणार हे सरांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. एकच शब्द. त्या शब्दावर ती पोरगी उठून चौक ओलांडून आली असती. मी हातात ताट घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, सर.

सर जमिनीवरच्या उन्हाकडे बघत राहिले. "नाई, माय," ते म्हणाले. "इकडून तिकडं नाई जात."

"काहून?"

"उजेडाचं तसंच हाय. एकाच बाजूनं जाते तो."

सासूबाई म्हणाल्या, "मंग तुमचं शास्त्र अर्धंच हाय, सर."

"हो, माय. अर्धंच हाय."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. सर बाहेर आले. त्यांच्यासाठी वाढलेलं ताट घेऊन मी मागोमाग आले, तर ते जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले, "मी आता आत जे सांगितलं, ते शाळेतल्या पोरायच्या कानावर जाऊ देऊ नका."

मी नाही जाऊ देणार म्हणाले. ताट माझ्या हातातच राहिलं आणि ते मागे न बघता वर गेले.